गाडीत माल नव्हता

विमा कंपनीचा चौकशीवाला अकरा वाजता येणार होता आणि दहा वाजता भटूनाना रुसून गच्चीवर जाऊन बसले. अडुसष्ट वर्षांच्या माणसाने रुसू नये असा काही कायदा नाही, आणि नाना तर कापडाच्या लूमवर होते तेव्हापासून या कामात मुरलेले. तेव्हा रुसले की डबा न घेता पाळीला निघून जात. आता पाळी नव्हती, म्हणून गच्ची. खाली त्यांची बायको उषाबाई चहासाठी आलं किसत होत्या. त्यांनी जिन्याकडे एकदा बघितलं आणि सुनेला म्हणाल्या, "सोनाली, नानास्ना चहा वर नको नेऊ. तलफ उनी की उतरतीन."

सोनालीचं लक्ष चहात नव्हतं. तिने पॉलिसीचा कागद पाटावर पसरला होता आणि त्यातल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवून ती तिसऱ्यांदा तेच वाचत होती. गेला महिनाभर या घरात पोथीपेक्षा तोच कागद जास्त वाचला गेला होता.

महिन्यापूर्वी, श्रावणातल्या सोमवारी, खानदेशातून सुरतेत येऊन राहिलेलं हे सगळं घर कानबाईला घेऊन तापीवर निघालं होतं. दरवर्षीसारखं हेमराजच्या टेम्पोतून. हेमराज हा उषाबाईंचा एकुलता एक मुलगा. टेम्पो त्याचा स्वतःचा, पांडेसराच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे लावलेला. वर्षभर त्यातून साड्यांचे गठ्ठे जात आणि एक दिवस कानबाई जाई. पुलाच्या उतारावर मोटारसायकल आडवी आली, हेमराजने ब्रेक मारला, मग पुन्हा गियर टाकला, आणि त्या हिसक्याने मागच्या फाळक्याची कडी निसटली. फाळक्याला टेकून बसलेली शोभाबाई, म्हणजे उषाबाईंची विधवा धाकटी जाऊ, मागच्या मागे रस्त्यावर पडली. पडताना तिच्या दोन्ही हातांत कानबाई होती. हात टेकवले असते तर मनगटावर निभावलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. तिने हात टेकवले नाहीत. नारळाला ओरखडासुद्धा आला नाही आणि शोभाचं खुब्याचं हाड तुटलं.

कानबाई म्हणजे या घराचा एक जुना नारळ. नाकात नथ, अंगावर खण, कपाळाला मळवट. वर्षभर तो देव्हाऱ्याखालच्या पितळी डब्यात असे. श्रावणातल्या रविवारी चौरंगावर बसे, सोमवारी नदीवर न्हाऊन पुन्हा डब्यात जाई. ज्या घरात डबा ते थोरलं घर. भाऊबंद घरटी पुरुषमाणसं मोजून सव्वा सव्वा मूठ गहू घेऊन त्याच घरी यायचे, तिथेच त्याचे रोट, नैवेद्याच्या जाड पोळ्या, व्हायचे, आणि त्या रोटाचा तुकडा बाहेरच्याच्या तोंडी पडू द्यायचा नाही. बावीस वर्षं डबा उषाबाईंकडे होता.

त्या सोमवारी कानबाई शोभाच्या हातात कशी गेली, हे कोणी विचारलं नव्हतं. उषाबाईंनी आपण होऊन सांगितलंही नव्हतं. त्यांना मिश्रीची पुडी सोडायची होती आणि पुडी सोडायला दोन हात लागतात. "धर वं जरासं," म्हणून त्यांनी नारळ शेजारी दिला होता.

सव्वादहाला नितीन आला. गाड्यांचे विमे उतरवणारा, याच गल्लीतला, हेमराजचा शाळासोबती. पॉलिसी त्यानेच विकली होती, त्यामुळे त्याचा चेहरा यजमानांपेक्षा जास्त पडलेला होता. गाडी पुसत बसलेला हेमराज फडक्याला हात पुसत आत आला.

"ट्रान्सपोर्टवाल्याने कागद दिला?" नितीनने विचारलं.

"दिला. सोमवारी गाडी आमच्या कामावर नव्हती, छुट्टीवर होती, असं लिहून दिलंय. पंधरा वर्षं त्याचा माल ओढतोय मी. एका ओळीत मोकळा झाला."

"होणारच ना, भाई. त्याचा माल गाडीत आहे तोवर त्याचा विमा. माल उतरवून तू घरी आलास की पुढे तुझी गाडी, तुझी पॉलिसी."

"मग माझी पॉलिसी काय पूजेला ठेवलीय?"

"तुझी पॉलिसी मालाच्या गाडीची आहे. रस्त्यावरच्या माणसाला तुझ्या गाडीने लागलं तर कंपनी भरणार. पण मागे हौद्यात बसलेल्या माणसाचं नाही भरत. मालाच्या गाडीत माणसं बसवायचीच नसतात, असं त्यांचं म्हणणं. ड्रायव्हर-क्लीनर सोडले तर एकच माणूस चालतो. ज्याचा माल आहे तो मालक, नाहीतर त्याने मालाबरोबर पाठवलेला माणूस."

"सुट्टीच्या दिवशी पण?" सोनालीने कागदावरचं बोट न काढता विचारलं.

"सुट्टीबिट्टी बघत नाहीत, वहिनी. भाड्याचा असो की घरचा, गाडीत माल पाहिजे आणि बसणारा त्या मालाचा धनी पाहिजे. तरी मी लिहून देत नाही हां, की पैसे मिळतीलच. पण दार उघडं तरी राहील. आत्ता दार नानांनी बंद करून ठेवलंय."

सगळ्यांनी वर बघितलं. वर छत होतं आणि छतावर नाना होते.

झालं होतं असं. शोभाला दवाखान्यात नेलं तेव्हा पोलिसांचा लिहिणारा आला आणि त्याने नानांना विचारलं, गाडीत माल काय होता? नाना आधीच हादरलेले, त्यात हा प्रश्न. ते कडाडले, "माल? माल नही व्हता! आमनी कानबाई व्हती. देवीले माल म्हनस का रे तू?" लिहिणाऱ्याने भांडण न वाढवता लिहिलं: गाडीत माल नव्हता, घरच्या माणसांना घेऊन खाजगी कामासाठी गाडी चालली होती. खाली नानांनी मोठ्या अभिमानाने सही केली. दुसऱ्या कोणा माणसाने ताट-वाट्या, चौरंग, समई, केळीचे खांब असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. नानांना देवीचा मान राखायचा होता. तो राखला गेला आणि हेमराजची गाडी अडकली.

"आज चौकशीवाला सगळ्यांचे जबाब घेणार," नितीन म्हणाला. "त्यात दुरुस्त करून घ्यायचं. गाडीत सामान होतं, चौरंग होता, समया होत्या, मूर्ती होती. आणि ते सगळं शोभाकाकूंचं होतं. काकू आपल्या सामानाबरोबर चालल्या होत्या. बस."

"आणि नाही केलं तर?" सोनालीने विचारलं.

"नाही केलं तर कंपनी हात वर करणार. मग काकूंचा दावा थेट गाडीमालकावर. काकूंना अजून एक ऑपरेशन सांगितलंय ना? त्यांच्या मुलाला, महेशला, दावा टाकावाच लागेल, तो तरी काय करेल. कोर्ट म्हणेल हेमराज, तू भर. गाडी विकून पुरं पडलं तर नशीब समजायचं."

उषाबाईंनी किसणी खाली ठेवली. आल्याचा केव्हाच चोथा झाला होता.

"मूर्ती नही शे ती," त्या म्हणाल्या. "नारय शे."

"मावशी, नारळ तर नारळ. कोणाचा, ते महत्त्वाचं."

आणि घोडं नेमकं तिथेच अडलं होतं. म्हणून तर नाना गच्चीवर गेले होते. नारळ कोणाचा, या एका गोष्टीवरून नाना आणि त्यांचा धाकटा भाऊ भगवान तीन वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. भगवानचं म्हणणं असं की आईने, म्हणजे रुक्मिणीबाईंनी, जाताना कानबाई त्याच्या बायकोच्या पदरात घातली होती. नानांचं म्हणणं, आईने ती थोरल्या सुनेकडे दिली. दोघेही त्या वेळी कामावर होते, त्यामुळे दोघेही अगदी ठामपणे बोलत. खोलीत फक्त तिघी होत्या. एक त्याच रात्री गेली. उरलेल्या दोघींपैकी मोठीने सांगितलं ते सगळ्यांनी मानलं, आणि लहानीने नवऱ्याला जे सांगितलं त्याला भाऊबंदांत खोटं ठरवलं गेलं. पुढे भगवान वारला. नऊ वर्षं झाली. त्यानंतर तो विषय कोणी काढला नाही.

वॉकरचा आवाज गल्लीतूनच ऐकू आला. टक, मग पाय ओढल्याचा आवाज, मग पुन्हा टक. शोभाचं घर चार घरं सोडून होतं आणि ती पहिल्यांदाच एवढं चालत येत होती. मागे तिचा मुलगा महेश. इच्छापोरला कंत्राटावर काम करणारा, आज अर्धी रजा टाकून आलेला. त्याने आईला हात लावला नव्हता, पण दोन्ही हात तयार ठेवले होते.

"ये काकू," म्हणत हेमराज उठला आणि खुर्ची पुढे सरकवली. गेल्या महिन्यात त्याला काकूच्या डोळ्याला डोळा भिडवता आलेला नव्हता. आजही त्याने खुर्चीकडेच बघितलं.

"कशी शे वं शोभा?" उषाबाईंनी विचारलं.

"शे," शोभा म्हणाली. बसताना तिने ओठ दाबून धरले. मग श्वास सोडून म्हणाली, "जिजी, पानी दे."

नितीनने तेच सगळं पुन्हा एकदा सांगितलं. शोभा ऐकत होती की देव्हाऱ्याकडे बघत होती, ते कळत नव्हतं. महेश मात्र नीट ऐकत होता. नितीनचं बोलणं संपल्यावर तो म्हणाला, "म्हणजे आज तुम्ही सगळे सांगणार की कानबाई माझ्या आईची आहे."

"कागदापुरतं रे," हेमराज म्हणाला. "तुझ्याच आईच्या ऑपरेशनसाठी ना."

"आणि तुझ्या गाडीसाठी."

"माझ्या गाडीसाठी पण. नाही कुठे म्हणतो?"

"माझा बाप हेच सांगत होता." महेशचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "तेव्हा याच खोलीत भाऊबंद बसवून त्याला लबाड म्हणाले. नाना म्हणाले, बायकोच्या नादी लागलाय. तो गेला तेव्हाही लबाडच होता. आणि आता तुम्हाला गरज पडली, तर त्याचंच बोलणं तुम्ही खोटं म्हणून वापरणार? सगळ्यांना ठाऊक असणार की खोटं आहे, कागदापुरतं आहे. मला नको. मी दावा टाकतो. कोर्टात काय व्हायचं ते होईल."

"महेशभाऊ, दावा टाकला की हा माणूस रस्त्यावर येतो," सोनाली म्हणाली.

"माझी आई रस्त्यावरच पडली होती, वहिनी."

नितीनने मोबाइल काढून उगाच वेळ बघितली. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि नाना खाली उतरले. तलफ आली होती की खालचं सगळं ऐकू गेलं होतं, कोण जाणे.

"पोऱ्या बराबर बोलस," नाना म्हणाले. पुतण्याची बाजू नानांनी घ्यावी हे इतकं नवीन होतं की सगळे त्यांच्याकडे बघतच राहिले. पण नानांचं कारण नानांचं होतं. "कानबाई मन्ही मायनी थोरला घरले दिधी. आते मी विमाना कागदवर लिखी देऊ का, की धाकलानी शे? उद्या भाऊबंद कागद दाखाडतीन. मी सही करावाव नही."

म्हणजे काका आणि पुतण्या एकाच बाजूला, दोघेही सही नको म्हणणारे, आणि कारणं एकमेकांच्या अगदी उलट. दुसऱ्या बाजूला हेमराज, सोनाली आणि नितीन. शोभा पाण्याचा पेला हातात घेऊन बसलेली. उषाबाई मध्ये उभ्या होत्या आणि त्यांना आपण कुठल्या बाजूला आहोत ते त्या घटकेला तरी कळत नव्हतं.

बाहेर मोटारसायकल थांबली.

चौकशीवाला पन्नाशीचा, सुरतीच होता. चष्मा, खांद्याला पिशवी, वागायला सभ्य. चपला नीट कडेला काढल्या, देव्हाऱ्याला हात जोडले, खुर्चीवर बसला. गाडीची कडी पाहून त्याने बाहेरच फोटो काढले होते, आता हेमराजचं लायसन पाहिलं. मग पोलिसांचा कागद काढला आणि त्यातली ओळ वाचून दाखवली. गाडीत माल नव्हता.

"ये आपने लिखवाया?" त्याने नानांना विचारलं.

"हां," नाना म्हणाले, आणि पुढे काही बोलायला तोंड उघडलं, तोच सोनाली मध्ये पडली. ती सुरतेतच वाढलेली, गुजराती तिला मातृभाषेसारखी. सासऱ्यांना देवीला माल म्हणवलं नाही, पण गाडीत चौरंग होता, समया होत्या, केळीचे खांब होते, नारळाची देवी होती, असं तिने भराभर सांगितलं. चौकशीवाला मान हलवत लिहीत गेला. असं घोळ घालणारं घर त्याने पहिल्यांदा पाहिलं नसावं.

"सामान कोनुं?" त्याने शेवटी विचारलं. सामान कोणाचं?

नितीन शोभाकडे बघत होता, महेश जमिनीकडे. शोभाने पेला खाली ठेवला.

"मी काय सांगू," ती म्हणाली. "मन्हं सांगनं कोनी मानत नही."

हे सोनालीने भाषांतर करून सांगितलं नाही. चौकशीवाल्याने पेन उचलून धरलं होतं. गुजरातीत आईला हाक मारावी तशी त्याने तिला हाक मारली. "बा, बोलो ना. किसका था? किसी ने देखा था, इनको किसने दिया?"

बावीस वर्षांत उषाबाईंनी ती हकिगत इतक्या वेळा सांगितली होती की त्यांची त्यांनाच ती खरी वाटू लागली होती. सासूबाईंनी डोळे उघडले, म्हणाल्या, उषा, संभाळ. त्यात 'संभाळ' हा शब्द सासूबाईंचाच होता. नाव तेवढं बदललं होतं. एवढीशी गोष्ट. त्यांनी हेमराजकडे बघितलं. तो भिंतीला पाठ लावून उभा होता आणि गाडी पुसायचं फडकं अजून त्याच्या हातात होतं. मग त्यांनी शोभाच्या पायाकडे बघितलं. डबा गेला तर थोरलेपण गेलं. ते गेल्यावर आपल्यापाशी दुसरं काय आहे, असं त्यांना वाटून गेलं.

"मी देखं व्हतं," उषाबाई म्हणाल्या.

"काय?" नाना म्हणाले.

"लिहा म्हणावं, सोनाली. मी सांगस." त्या खाली बसल्या, चौकशीवाल्याच्या समोर, जमिनीवर. "तव्हय आम्ही बमरोलीले ऱ्हायेत. एकच खोली. सासू आजारी व्हती, दोन्ही भाऊ कामवर. दुपारले तिनी डबा मांगा. मी काढीसन दिधा. मी मोठी, मी पदर पसरा. तिनी मन्हाकडे देखं आनि नारय शोभाना पदरमा टाकं. मन्हा नही. म्हने, शोभा, संभाळ. शोभाले तव्हय सातवा महिना व्हता. हाऊ महेश पोटमा."

सोनाली गुजरातीत सांगत होती. चौकशीवाला लिहीत होता: नारळाची देवी सासूने शोभाबाईस दिली, साक्षीदार मोठी सून उषाबाई.

"सांजले दोन्ही भाऊ उनात," उषाबाई पुढे म्हणाल्या. "तवलोंग सासू बेसुद व्हती. मी सांगं, मले दिधी. डबा मी मन्हा ट्रंकमा ठेवा. शोभा रडनी. मी तिले सांगं, लेकरूनी शपथ घालसू तुले, बोलशी तर. ती नवराले बोलनी. त्यानं कोनी मानं नही. आनि त्या सोमवारे गाडीमा बी नारय मीच तिना हातमा दिधा, मिश्री काढाले."

इथे सोनाली अडखळली. तिने सासूकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. चौकशीवाल्यानेच तिला सोडवलं. तो हात वर करून म्हणाला, "बस, बस, बा. इतना काफी है. आगे का घर का मामला." त्याने कागद पुढे केला. उषाबाईंनी सही केली. शोभाने केली. तो महेशपुढे आला तेव्हा महेशने पेन घेतलं, बराच वेळ धरून ठेवलं आणि साक्षीदार म्हणून सही केली. नानांना कोणी विचारलंच नाही. चौकशीवाला चहा पिऊन गेला. जाताना म्हणाला, मी रिपोर्ट देईन, पुढचं वरचे ठरवतील.

तो वळणावर दिसेनासा झाला आणि नितीनने टाळी वाजवली. "मावशी! अहो, काय सांगितलंत! सातवा महिना, ट्रंक, शपथ! मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, असा जबाब ऐकला नाही. तो सुद्धा गार पडला."

हेमराज हसला. महिन्याभरात पहिल्यांदाच. "माय, तू तर डायरेक्ट पिक्चरच काढलास."

नानांना हसू आलं नव्हतं, पण रागही उतरला होता. ते बायकोजवळ येऊन हळूच म्हणाले, "पोऱ्यानी गाडीसाठे बोलनी, ठीक शे. पन सोताले चोर काबर म्हनाडी लिधं? तितलं सांगानी गरज नव्हती." मग जरा मोठ्याने, सगळ्यांसाठी, "कागद गया. कानबाई तर आपलाच घरमा शे. भाऊबंदस्ले मी समजाडसू."

उषाबाईंना तेव्हा कळलं की सुटका अगदी हाताशी आली आहे. काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. गाडी वाचली असती, डबा राहिला असता, आणि त्यांनी सांगितलेलं खरं सगळ्या घराने खोटं म्हणून कौतुकाने जपलं असतं. शोभा त्यांच्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, आशाही नव्हती. जिजी आता गप्प बसणार हे तिला ठाऊक असल्यासारखी ती वॉकर जवळ ओढत होती.

"मी खोटं नही बोलनू," उषाबाई म्हणाल्या.

"हां, हां, मावशी," नितीन हसत म्हणाला.

"नितीन, तू घर जा," त्या म्हणाल्या. तो हसू तसंच ठेवून उठला, दारात जरा रेंगाळला आणि गेला. मग त्या महेशकडे वळल्या. त्याच्याकडे बघायला त्यांना फार जड गेलं. "महेश, तुना बाप लबाड नव्हता. मी व्हतू. हाई नाना बी ऐकी लेवोत."

नाना ऐकत होते. ते आधी बायकोकडे, मग शोभाकडे बघत राहिले आणि मग भिंतीला धरून पाटावर बसले. पॉलिसीचा कागद त्यांच्याखाली चुरगळला. "भगवान तीन वरीस मन्हा दारवरथून गया," ते म्हणाले. "मी वर देखं नही." हेमराज फडकं घडी करत होता, उलगडत होता, पुन्हा घडी करत होता.

महेशने मोठमायला, म्हणजे थोरल्या काकूला, माफ केलं असंही म्हटलं नाही आणि नाही केलं असंही नाही. तो फक्त उठून बाहेर गेला आणि ओट्यावर पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. सोनाली त्याच्यासाठी पाणी घेऊन निघाली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

उषाबाईंनी देव्हाऱ्याखालचा पितळी डबा काढला. पदराने पुसला. झाकण उघडून नथ, खण, मळवट सगळं जागेवर आहे ना ते पाहिलं, हळदीकुंकू लावलं, आणि डबा घेऊन त्या शोभाच्या समोर आल्या. ओटी भरायच्या वेळी उभं राहावं तशा उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं होतं शोभा रडेल, निदान पदर तरी पसरेल.

शोभा वॉकर धरून उठली होती. दोन्ही हातांनी दांडे घट्ट पकडलेले, तोल त्याच्यावर. तिने डब्याकडे बघितलं, मग जावेकडे.

"मन्हा हात मोकया नहीत, जिजी," ती म्हणाली. "तूच लई चाल."

आणि ती निघाली. टक, मग पाय, मग टक. उंबऱ्याशी महेश पुढे आला, तिने त्याला मानेनेच बाजूला केलं. दुपारचे बारा वाजले होते. गल्लीत बायका साड्यांना खडे लावत ओट्याओट्यावर बसल्या होत्या, त्यांचे हात थांबले. कानबाई श्रावण सोडून घराबाहेर पडलेली कोणी कधी पाहिली नव्हती. "काय वं उषामाय, कोठे चालनी डबा लई?" एकीने विचारलं.

"शोभाना घर," उषाबाई म्हणाल्या. "तिनाच शे."

मध्ये फक्त चार घरं होती. शोभा दर दोन पावलांवर थांबत होती आणि ती थांबली की उषाबाई डबा छातीशी धरून तिच्या मागे थांबत होत्या. त्यांचे गुडघे दुखायला लागले होते, ऊन डोक्यावर आलं होतं, पण पुढे जाऊन दार उघडावं असं काही त्यांनी केलं नाही. शोभाचं दार आलं. तिने कमरेची किल्ली काढली, स्वतःच्या हाताने कुलूप उघडलं, आत गेली, आणि मग मागे वळून म्हणाली, "ये."